गोल्फच्या चेंडूचे कवच

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मामांनी हॅकसॉने एक गोल्फचा चेंडू मधोमध कापला, तेव्हा या लेखाचा विषय मला सापडला. चेंडू आणला होता मामेभावाने. तो पुण्यात एका गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करतो. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहून न्यायची, चेंडू उडाला की तो कुठे पडतो ते नजरेने धरून ठेवायचे, आणि झुडपात गेला तर शोधून द्यायचा, हे त्याचे काम. तळ्यात आणि गवतात कायमचे हरवलेले चेंडू पुढे कधीतरी सापडतात. तसला एक खरचटलेला चेंडू त्याच्या खिशात होता.

मामांनी भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात पंचवीस वर्षे रबर मोल्डिंगच्या प्रेसवर काम केले. वॉशर, ग्रोमेट, गाड्यांचे रबरी बूट असला माल त्यांच्या हातून निघाला. कुठलीही रबरी वस्तू हाती आली, की ती पिळून, वास घेऊन, नखाने खरवडून पाहिल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत. हा चेंडू त्यांनी व्हाइसमध्ये धरला आणि "आत काय घातलंय बघू तरी," असे म्हणून करवत चालवली.

माझी कल्पना अशी होती, की आत दोरा निघेल. निघाला तो एक घट्ट, रंगीत रबराचा गोळा. त्याच्याभोवती एक पांढुरका कडक पापुद्रा, आणि त्याच्यावर आणखी एक, नखाएवढ्या जाडीचा, मऊसर. मामांनी तिन्हींवर नख चालवून पाहिले. "बाहेरचं मऊ, मधलं कडक, आतलं रबर. तीन वेळा डायमध्ये गेलाय हा," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. एवढ्याशा चेंडूला तीन पदर कशासाठी, हा त्यांना पडलेला प्रश्न मी कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन आलो. जे हाती लागले ते येथे मांडतो. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चुका काढाव्यात. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, हे मात्र लक्षात असू द्यावे.

प्रथम हा चेंडू काय सोसतो ते पाहू. नियमाप्रमाणे त्याचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. क्रिकेटचा चेंडू वजनाने याच्या सव्वातीन पटींहून अधिक भरतो. व्यावसायिक खेळाडू सर्वांत लांब मारा करणारी काठी, म्हणजे ड्रायव्हर, पूर्ण ताकदीने फिरवतो तेव्हा चेंडू ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगाने सुटतो. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. तेवढ्या वेळात चेंडू चपटा होतो, पुन्हा गोल होतो, स्वतःभोवती फिरू लागतो आणि निघून जातो. त्याच चेंडूला थोड्या वेळाने दुसऱ्या काठीने, वेजने, अलगद उचलून खळीजवळच्या हिरवळीवर असे टाकायचे असते, की तो पडल्याजागी थांबावा. पहिल्या फटक्यात त्याने दूर जावे आणि दुसऱ्या फटक्यात मुळीच पळू नये, अशा या दोन उलट्या मागण्या आहेत. त्यात तिसरी म्हणजे त्याने फाटू नये. चेंडूच्या साऱ्या इतिहासात या तीन मागण्यांचे भांडण चालू आहे, आणि ते प्रामुख्याने लढले गेले आहे त्याच्या कवचावर.

स्कॉटलंडमध्ये हा खेळ रुजला त्या काळी चांगला चेंडू म्हणजे पिसांचा चेंडू. चामड्याचे तुकडे ओले करून शिवायचे, शिवण आत जावी म्हणून पिशवी उलटवायची, आणि उरलेल्या छोट्या भोकातून उकळलेली हंसाची पिसे लोखंडी सळईने ठासून भरायची. एका चेंडूत टोपीभर पिसे मावत, असे सांगतात. मग भोक शिवून चेंडू वाळत ठेवायचा. वाळताना चामडे आकसते आणि ओली पिसे फुगतात. या ओढाताणीतून दगडासारखा घट्ट गोळा तयार होई. तरबेज कारागीर दिवसभरात असे तीन-चारच चेंडू करी. सळई छातीला टेकवून दाब द्यावा लागे आणि पिसांची धूळ नाकातोंडात जाई. एवढे करूनही चेंडू पावसात भिजला की जड होई आणि काठीची कड लागली की शिवण उसवे. किंमत अर्थातच भारी, त्यामुळे खेळ श्रीमंतांचा.

या धंद्यातला सर्वांत नावाजलेला माणूस सेंट अँड्र्यूज गावचा ॲलन रॉबर्टसन. तो त्या काळचा अव्वल खेळाडूही होता. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण चेंडू शिवायला शिकला. दोघे मिळून खेळत, मिळून चेंडू करीत. त्यांच्या मधे आला तो एका झाडाचा चीक.

येथे कथेला एक भारतीय वळण आहे. गटापर्चा हा मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक. 1843 मध्ये सिंगापूरचे डॉक्टर मॉन्टगोमेरी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि युरोपचे लक्ष त्याच्याकडे गेले. गरम पाण्यात टाकला की हा चीक कणकेसारखा मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाला की टणक बनतो. आता अशी एक गोष्ट सांगतात, की भारतातून सेंट अँड्र्यूजला पॅटरसन नावाच्या कुटुंबाकडे विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून ती गटापर्चाच्या तुकड्यांत बसवलेली होती. घरातला रॉबर्ट हा कॉलेजात शिकणारा मुलगा, आणि खिसा विद्यार्थ्याचा. त्याने ते तुकडे आधी म्हणे बुटांच्या तळव्यांना लावले आणि उरलेल्याचा गोल्फचा चेंडू वळला. इतिहासकार या कथेकडे संशयानेच पाहतात आणि मीही तिची हमी देत नाही. पण 1848 च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू, ज्याला लोक 'गटी' म्हणू लागले, मैदानावर आला एवढे निश्चित. मूर्तीपेक्षा मूर्तीचे वेष्टन अधिक कामाला आल्याचे असे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

गटी करायला शिवणकाम लागत नव्हते. चीक गरम करायचा, हातावर किंवा साच्यात वळायचा आणि पाण्यात टाकायचा. चेंडू स्वस्त झाला, पावसाला भिईनासा झाला, आणि चेपला तर पुन्हा गरम करून वळता येऊ लागला. रॉबर्टसनला यात आपला सर्वनाश दिसला. मुलांना पैसे देऊन तो मैदानावरचे गटी गोळा करवी आणि जाळून टाकी, असे सांगतात. गटीला हात लावणार नाही असे त्याने मॉरिसकडूनही कबूल करून घेतले होते. एके दिवशी खेळता खेळता मॉरिसजवळचे पिसांचे चेंडू संपले. बरोबरच्या माणसाने आपल्याजवळचा एक गटी पुढे केला, मॉरिसने तो मारून पाहिला, आणि ही बातमी रॉबर्टसनच्या कानी गेली. दोघांचे वाजले आणि मॉरिसने दुकान सोडले. पुढे मॉरिसने स्वतःचा धंदा काढला आणि ब्रिटिश ओपन ही स्पर्धा चार वेळा जिंकली. रॉबर्टसनलाही अखेर गटी करावेच लागले. 1858 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाची फेरी त्याने 79 फटक्यांत पुरी केली, 80 च्या आत येणारा तो पहिला. आणि तो चेंडू गटी होता.

हे मी मामांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मॉरिसची नव्हे, रॉबर्टसनचीच बाजू घेतली. कारखान्यात हाताने उघडायच्या प्रेसच्या जागी पहिले इंजेक्शन मशीन आले, त्या आठवड्यात त्यांच्या पाळीतली सहा माणसे कमी झाली होती. "जाळले असतील त्याने चेंडू. काय चुकलं?" एवढेच ते म्हणाले.

गटीबरोबर एक विचित्र अनुभव खेळाडूंना येऊ लागला. नवा कोरा गुळगुळीत चेंडू थोडे अंतर जाऊन खाली कोसळे. वापरून ओरखडे पडलेला चेंडू मात्र लांब आणि सरळ जाई. मग लोक नव्या चेंडूवरच हातोडीने चरे पाडू लागले, आणि पुढे साच्यातच नक्षी आली. कारण कळायला वेळ लागला. गुळगुळीत चेंडू हवेतून जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागालगतची हवा लवकर सुटते आणि पाठीमागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा उरतो. तो चेंडूला मागे ओढतो. पृष्ठभाग खडबडीत असला की अगदी लगतचा हवेचा पातळ थर खळबळतो आणि त्यामुळे चेंडूच्या पाठीला अधिक वेळ चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. इंग्लंडच्या विल्यम टेलरने 1905 च्या सुमारास उंचवट्यांऐवजी खळग्यांच्या नक्षीचे पेटंट मिळवले, तेच आजचे डिंपल. आजच्या चेंडूवर बहुधा तीनशे ते पाचशेच्या दरम्यान डिंपल असतात आणि खोली असते मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. 1971 च्या फेब्रुवारीत ॲलन शेपर्ड या अंतराळवीराने चंद्रावर दोन चेंडू मारले. तेथे हवाच नाही, तेव्हा बिचाऱ्या डिंपलांना काम नव्हते.

एडिंबरोचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट दाखवली. चेंडूला उलटी फिरकी असेल, म्हणजे त्याचा वरचा भाग खेळाडूकडे फिरत असेल, तर हवा त्याला वर उचलून धरते. प्राध्यापकांचे चिरंजीव फ्रेडी टेट हे 1896 आणि 1898 साली ब्रिटिश हौशी स्पर्धेचे विजेते होते. तेव्हा वडिलांना प्रयोगाला माणूस घरातच मिळाला. फिरकी महत्त्वाची ठरली, आणि फिरकी देते कोण, तर काठीला प्रत्यक्ष शिवणारे कवच. येथून पुढे कवचाचे महत्त्व वाढले.

1898 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल नावाच्या गृहस्थांना आपल्या मित्राच्या रबराच्या कारखान्यात एक कल्पना सुचली. रबराचा धागा ताणून ताणून गोळ्याभोवती गुंडाळायचा आणि त्यावर कवच चढवायचे. असा चेंडू गटीपेक्षा कितीतरी लांब गेला. 1902 मध्ये सँडी हर्डने या चेंडूने ब्रिटिश ओपन जिंकली आणि गटीचे दिवस भरले. गटी करणाऱ्यांवर रॉबर्टसनचीच पाळी आली. धागा गुंडाळण्याचे यंत्र निघाले आणि कवचासाठी दक्षिण अमेरिकेतल्या बलाटा झाडाचा चीक येऊ लागला. बलाटा मऊ असल्याने काठीच्या चऱ्यांत रुतायचा आणि भरपूर फिरकी घ्यायचा. कसबी खेळाडूंना तो फार प्रिय. पण काठीची कड चुकून चेंडूच्या मध्यावर बसली की त्याला हसऱ्या तोंडासारखी चीर पडे आणि चेंडू फुकट जाई. शिकाऊ माणसाला एका सकाळीत अनेक चेंडूंची अशी हसरी तोंडे पाहावी लागत.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. गटापर्चा, बलाटा आणि आपले नेहमीचे रबर हे तिन्ही एकाच रेणूच्या लांबलचक साखळ्या आहेत. फरक आहे तो कडी कडीला कोणत्या बाजूने जोडली आहे एवढाच. रबरात साखळीला वाकडेतिकडे वळण मिळते, म्हणून ती गुंता होऊन पडते आणि ताणली की लांबते. गटापर्चात आणि बलाट्यात साखळी सरळ राहते, तिच्या ओळी एकमेकींशेजारी रचल्या जातात आणि पदार्थ घट्ट होतो. अक्षरे तीच, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

1960 नंतरच्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी एक नवा पदार्थ केला आणि 'सर्लिन' या नावाने विकायला काढला. या जातीच्या पदार्थांना आयनोमर म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्याच्या होतात त्या पॉलिथिनसारखीच याची लांब साखळी, पण तिच्यात मधूनमधून आम्लाचे गट बसवलेले. त्यांतल्या काहींना सोडियम किंवा जस्त देऊन त्यांचे क्षार केले, की हे विद्युतभारित गट एकमेकांना ओढून घेतात आणि साखळ्यांना जागोजाग गाठी बसतात. गंमत अशी, की या गाठी उष्णतेने सैल होतात. म्हणून हा पदार्थ वितळवून साच्यात सोडता येतो आणि थंड झाला की गाठी पुन्हा आवळतात व तो विलक्षण चिवट बनतो. वेष्टनाची पारदर्शक फिल्म आणि अत्तराच्या बाटल्यांची बुचे याचीच करतात. गोल्फच्या धंद्याला हवे होते ते नेमके हेच: न फाटणारे कवच.

1960 च्या दशकाच्या अखेरीस सर्लिनचे कवच असलेले चेंडू आले. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या स्पाल्डिंग कंपनीने धागा काढूनच टाकला. आत रबराचा भरीव गाभा आणि वर आयनोमर, असा दोन भागांचा चेंडू खपू लागला. तेथील रॉबर्ट मॉलिटर या संशोधकाने सोडियमचा आयनोमर आणि जस्ताचा आयनोमर यांचे मिश्रण करून पाहिले. एकेकटे वापरण्यापेक्षा दोघे मिळून कवच थंडीत तडकायला अधिक दाद देईनासे झाले आणि चेंडू उसळलाही चांगला. 1974 मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. कणकेत थोडे बेसन घातले की थालीपीठ खुसखुशीत होते, हे घरोघरी ठाऊक असते. पण कोणते किती घालावे हे ज्याला नेमके सांगता येते, पेटंट त्याचे.

आता कारखान्यात जाऊ. माझ्या वाचनाला येथे मामांची साथ मिळाली, कारण यंत्रे वेगळी असली तरी पायऱ्या त्यांच्या ओळखीच्याच निघाल्या.

गाभ्यासाठी पॉलिब्युटाडाइन नावाचे कृत्रिम रबर घेतात. याची उसळी फार. त्यात झिंक ऑक्साइड, झिंक डायअॅक्रिलेट आणि पेरॉक्साइड घालून मिक्सरमध्ये आणि दोन रोलांच्या मिलवर कंपाउंड मळतात. मामांच्या कारखान्यात रबर पिकवायला गंधक वापरीत; येथे ते काम पेरॉक्साइड करते आणि डायअॅक्रिलेट साखळ्यांना एकमेकींशी जखडून गाभ्याला कडकपणा देते. ते कमीजास्त केले की चेंडू कठीण किंवा मऊ होतो. मळलेल्या मालाचे एक्स्ट्रूडरमधून दांडे काढून तुकडे पाडतात. एकेका तुकड्याला एकेक खळगा अशा डायमध्ये ते ठेवून प्रेस बंद करतात. 160 ते 170 अंशांच्या आसपास तापमान आणि काही मिनिटांचा दाब. गोळे बाहेर येतात ते कमरेभोवती फ्लॅश घेऊन, म्हणजे दोन डायांच्या फटीतून सुटलेली पातळ झालर घेऊन. करंजीची कड कातण्याने कातावी तशी ती काढायची, आणि मग गोळे ग्राइंडिंगला घालून सगळे एका मापाचे करायचे. ओळख पटावी म्हणून प्रत्येक जातीच्या गाभ्याचा रंग वेगळा ठेवतात. आमच्या चेंडूतल्या रंगीत गोळ्याचा उलगडा असा झाला.

आयनोमरचे कवच चढवण्याच्या रीती दोन. पहिली उकडीच्या मोदकाला जवळची. आयनोमरच्या दोन अर्ध्या वाट्या आधी करून घ्यायच्या, त्यांत गाभा बसवायचा आणि गरम डायमध्ये दाबून त्या एकजीव करायच्या. दुसरी रीत इंजेक्शनची, आणि तिची हकिगत ऐकून मामांनी चहाचा कप खाली ठेवला. गोल पोकळीत गाभा अधांतरी राहायला हवा, कारण चारी बाजूंनी सारख्या जाडीचे कवच पाहिजे. म्हणून डायमधून बारीक पिना पुढे येतात आणि गाभ्याला मधोमध उचलून धरतात. दोनशे अंशांहून अधिक तापलेला आयनोमर कमरेच्या बाजूने अनेक तोंडांनी आत शिरतो. पोकळी भरत आली की पिना मागे सरतात आणि त्यांनी अडवलेली जागा वितळलेला माल भरून काढतो. पिना लवकर सरल्या तर गाभा एका बाजूला वाहून जातो. उशिरा सरल्या तर कवचात भोके राहतात. मधला नेमका क्षण यंत्राला शिकवावा लागतो. "आणि तो क्षण डायमेकरला ठाऊक असतो, साहेबाला नसतो," ही मामांची पुस्ती.

गाभा मधोमध नसला तर काय होते, याची एक कथा प्रसिद्ध आहे. मॅसॅच्युसेट्सच्या अकुशनेट रबर कंपनीचे मालक फिल यंग यांचा 1932 मध्ये म्हणे एक सोपा फटका चुकला. चेंडू सरळ मारला होता, पण तो वाकडा गेला. दोष आपला नाही, चेंडूचा आहे, असे त्यांना वाटले. बरोबर एक डॉक्टर मित्र होता. दोघांनी तो चेंडू एक्स-रे यंत्राखाली धरला आणि गाभा एका अंगाला सरकलेला दिसला. त्यातून 1935 मध्ये 'टायटलिस्ट' चेंडू निघाला. आपल्या चुकीचे खापर वस्तूवर फोडणारे पुष्कळ असतात. वस्तूचा एक्स-रे काढणारा हा एकच.

पण आयनोमरच्या चेंडूची एक उणीव उरलीच होती. कठीण कवच काठीच्या चऱ्यांत रुतत नाही, त्यामुळे वेजच्या फटक्याला फिरकी कमी बसते आणि चेंडू हिरवळीवर पडून पुढे घरंगळतो. म्हणून नवखे खेळाडू सर्लिनकडे आणि व्यावसायिक बलाट्याकडे, अशी फाळणी तीसएक वर्षे चालली. ती मिटवली पॉलियुरेथेनने. 1994 मध्ये टायटलिस्टने धाग्याच्या चेंडूवर पॉलियुरेथेनचे कवच आणले. पुढे भरीव गाभा, त्यावर कठीण आयनोमरचा पदर आणि सर्वांत बाहेर मऊ पॉलियुरेथेन अशी रचना आली. 2000 च्या जूनमध्ये टायगर वुड्सने भरीव गाभ्याचा, पॉलियुरेथेनच्या कवचाचा चेंडू घेऊन अमेरिकन ओपन 15 फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा 'प्रो व्ही वन' उतरला आणि एका आठवड्यात 47 व्यावसायिकांनी आपले जुने चेंडू टाकून तो उचलला. त्यानंतर थोड्याच वर्षांत धाग्याचा चेंडू दिसेनासा झाला.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ड्रायव्हरचा फटका खोलवर जातो, सगळा चेंडू दबतो. त्या वेळी हुकमत गाभ्याची आणि मधल्या कडक पदराची असते, म्हणून चेंडू फार न फिरता दूर जातो. वेजच्या हलक्या फटक्यात गाभा फारसा दबत नाही. मऊ कवच काठी आणि कडक पदर यांच्यामध्ये चिमटीत सापडते, चऱ्यांना धरते, आणि चेंडू मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्या घेत निघतो. एकच चेंडू, पण फटक्यागणिक त्यातला वेगळा पदर पुढे येतो. ज्या दोन मागण्या एका पदार्थाकडून पुऱ्या होत नव्हत्या, त्या तीन पदार्थांनी वाटून घेतल्या.

हे पॉलियुरेथेन ओततात कसे तेही सांगण्याजोगे आहे. ते दोन द्रवांचे मिश्रण. द्रव एकत्र आले की घड्याळ सुरू होते. साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि पदार्थ आधी काकवीसारखा, मग खरवसासारखा होत जातो. अर्ध्या गोलाच्या साच्यात तो ओततात आणि थोडा आळला की आधीचे दोन पदर चढलेला गोळा त्यात अलगद उतरवतात. फार लवकर उतरवला तर तो बुडून तळाला टेकतो. उशीर झाला तर द्रव त्याला मिठी मारत नाही. मग दुसरा अर्धा साचा भरून वर बसवायचा. एकदा पिकले की हे कवच पुन्हा वितळत नाही. म्हणजे बिघडलेला माल वाया. आयनोमरसारखा दळून परत वापरायची सोय नाही. कवचाची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. पॉलियुरेथेनच्या पुष्कळ जाती उन्हात पिवळ्या पडतात, त्यामुळे वर रंगाचा हात द्यावाच लागतो, आणि तो इतका पातळ की डिंपलांत साचता कामा नये.

डिंपलांचे प्रयोग मात्र कधीकधी अंगाशी आले. 1970 च्या दशकात अमेरिकेत एक पदार्थवैज्ञानिक आणि एक रसायनशास्त्रज्ञ यांनी मिळून 'पोलारा' नावाचा चेंडू काढला. कमरेच्या पट्ट्यात खोल डिंपल, दोन्ही टोकांकडे उथळ. चेंडू ठरलेल्या बाजूने ठेवून मारला तर वाकडा जाता जाता आपोआप सरळ होई. नियम करणाऱ्यांनी चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडाला पाहिजे असा नियम 1981 पासून लागू करून त्याला बाहेर काढले. प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी 14 लाख डॉलर देऊन तडजोड झाली. माझे मत विचाराल तर नियम योग्यच. चुकीचा फटका चेंडूनेच दुरुस्त केला तर खेळाडूने करायचे काय?

अंतराचा वाद अजून मिटलेला नाही. चेंडू दूर दूर जातो आहे, जुनी मैदाने अपुरी पडत आहेत, अशी तक्रार आहे. खेळाचे नियम करणाऱ्या ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन्ही संस्थांनी 2023 च्या डिसेंबरात चेंडूची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे ज्या गुणासाठी पिसे, चीक आणि धागा एकामागून एक गेले, त्याच गुणाला आता लगाम घालायचा आहे, आणि तो घालण्याचे काम पुन्हा त्याच रसायनशास्त्रज्ञांकडे जाणार.

हे सारे मी वहीत लिहून पुन्हा मामांकडे गेलो. कापलेल्या चेंडूची दोन्ही शकले खिडकीत होती. पॉलियुरेथेनचा भाग वाचून होताच मामांनी जुना व्हर्निअर शोधून आणला आणि एका शकलाचे कवच कडेने आठ ठिकाणी मोजले. मामेभाऊ बाजूला बसून त्यांनी सांगितलेले आकडे लिहीत होता. सात ठिकाणी काटा एकाच रेघेवर आला. आठव्या ठिकाणी करवतीने कड खाल्ली होती. मामांनी चष्मा काढला आणि मुलाला म्हणाले, "तळ्यातला आणखी एक घेऊन ये. या वेळी पातळ ब्लेड लावू."